एलिंग्टनच्या वाद्यवृंदातले दुसरे हस्ताक्षर

सुरुवातीला पियानोवर चार बार वाजतात. बार म्हणजे चार मात्रांचा एक खंड. मग सगळे सॅक्सोफोन एका सुरात धून उचलतात आणि तिच्या मधल्या मोकळ्या जागांत ट्रम्पेट-ट्राँबोन दबक्या आवाजात उत्तरे देत राहतात. पुढे रे नान्सचा ट्रम्पेट येतो. एका ठिकाणी ताल तीन-तीन मात्रांत पडल्याचा भास होतो, आणि तो भास ओसरतो तेव्हा सगळी चीज वरच्या पट्टीत जाऊन बसलेली असते. तीन मिनिटांच्या आत सगळे आटोपते. ही ‘टेक द ए ट्रेन’. ड्यूक एलिंग्टनच्या जॅझ वाद्यवृंदाने 15 फेब्रुवारी 1941 रोजी हॉलिवूडमध्ये व्हिक्टर कंपनीसाठी ती ध्वनिमुद्रित केली, आणि त्यानंतर तीच या वाद्यवृंदाची ओळखीची धून झाली. 1974 मध्ये एलिंग्टन गेला, तोवर ती वाजत राहिली. पहिले चार बार ऐकूनच प्रेक्षागृह टाळ्यांनी भरून जाई, आणि त्या टाळ्या पियानोवर बसलेल्या त्या देखण्या, रुबाबदार माणसाला पोहोचत.

धून त्याची नव्हती. ती बिली स्ट्रेहॉर्नची होती. हे कुणी लपवलेले नाही, रेकॉर्डवर त्याचे नाव आहे. तरीही चांगल्या जाणकार श्रोत्याच्या तोंडूनसुद्धा ‘एलिंग्टनची ए ट्रेन’ हेच शब्द बाहेर पडतात. आणि ए ट्रेनवर निदान नाव तरी होते. ज्यांवर नावच नव्हते किंवा दुसऱ्याच्या नावाआड दडले होते, अशा रचना कितीतरी.

या धुनेचा तिसरा बार जरा जवळून पाहू. पट्टी सी आहे, म्हणजे सी हा षड्ज धरा. धून पंचमावर सुरू होते, वरच्या गंधारावर उडी घेऊन तिथे रेंगाळते, मग पंचम, षड्ज, गंधार अशी सरळ पावले टाकते. इथवर सगळे शुद्ध आणि उजळ. आणि तिसऱ्या बाराला ती कोमल धैवतावर येऊन उभी राहते. खाली जो स्वरमेळ वाजत असतो त्याचा पाया ऋषभ आहे, आणि ऋषभापासून मोजले तर हा कोमल धैवत तीव्र मध्यमाच्या अंतरावर पडतो. नाचणाऱ्यांसाठी लिहिलेल्या चिजेत, अगदी ऐन सुरुवातीला, असा खडा स्वर लांबवून ठेवणे हे धाडस होते. नाचणाऱ्यांचे पाऊल मात्र कुठे अडखळले नाही. तो स्वर लगेच शुद्ध धैवतात विरघळतो आणि गाडी पुढे निघते. अवघड गोष्ट अशी लिहायची की ऐकणाऱ्याला तिचा भार होऊ नये, हा बिलीचा स्वभाव. या स्वभावाचे मोल त्याला आयुष्यभर वेगळ्या प्रकारे मोजावे लागले.

विल्यम टॉमस स्ट्रेहॉर्नचा जन्म 29 नोव्हेंबर 1915 चा, ओहायोतल्या डेटन गावचा. वाढला पिट्सबर्गच्या होमवुड भागात. पोलादाचे शहर, घरात ओढगस्त, बाप दारूच्या आहारी गेलेला आणि हात उगारणारा. आई लिलियन मुलाला त्याच्या तडाख्यातून सोडवायला नॉर्थ कॅरोलायनातल्या हिल्सबरोला आजीकडे पाठवून देई. आजीकडे पियानो होता. तिथे मुक्काम पडला की पोरगा भजनांच्या चाली बोटांनी शोधत बसे. पिट्सबर्गला परत आल्यावर आधी वर्तमानपत्रे विकून आणि मग पेनफील्ड नावाच्या औषधांच्या दुकानात काम करून त्याने पैसे साठवले आणि स्वतःचा पियानो घेतला. तिकडच्या औषधांच्या दुकानात तेव्हा सोडा आणि आइस्क्रीमही मिळे. बिली काउंटरमागे सोडा बनवी आणि घरोघर माल पोहोचवी. ज्यांच्या घरी पियानो असे तिथे माल दिल्यावर तो थोडा वाजवूनही येई, असे त्याच्या ओळखीचे लोक सांगत.

वेस्टिंगहाउस हायस्कूल या त्याच्या शाळेने जॅझला काही मोठी माणसे दिली. मेरी लू विल्यम्स आणि एरल गार्नर इथलेच, आणि पुढे अहमद जमालही. कार्ल मॅकव्हिकर हे संगीताचे शिक्षक गोऱ्या-काळ्या सगळ्या पोरांना हातात वाद्य देत. शाळेच्या वाद्यवृंदाबरोबर बिलीने ग्रीगचा पियानो कॉन्चेर्तो वाजवला. त्याला मैफलीचा पियानोवादक व्हायचे होते, चोपँ आणि रावेल वाजवणारा. पण 1930 च्या दशकातल्या अमेरिकेत काळ्या मुलाला ते दार बंद होते. मग आर्ट टेटम आणि टेडी विल्सन या जॅझ पियानोवादकांच्या रेकॉर्ड कानावर पडल्या, आणि ज्या संगीताकडे त्याने तोवर फारसे लक्ष दिले नव्हते त्यातच आपल्याला हवे ते सगळे करता येईल हे त्याच्या ध्यानात आले. 1935 मध्ये त्याने ‘फॅन्टॅस्टिक रिदम’ नावाचे एक संगीतक लिहिले. त्याच सुमारास, म्हणजे पंचविशी गाठायच्या कितीतरी आधी, ‘लश लाइफ’ लिहायला घेतले.

‘लश लाइफ’बद्दल लिहिताना माझा हात आखडतो, कारण त्या गाण्याची स्तुती सोपी आणि वर्णन कठीण. शब्द आणि चाल दोन्ही त्याचे. प्रेमात पोळलेला, रात्री मद्यालयांतून काढणारा, जगाचा वीट आलेला माणूस त्यात बोलतो. आणि ते लिहिणारा होता औषधांच्या दुकानात सोडा ढवळणारा विशीतला मुलगा. चाल अर्ध्या-अर्ध्या स्वराने अशी सरकते की गाणाऱ्याच्या पायाखाली षड्ज म्हणून काही उरत नाही. हे गाणे तो कित्येक वर्षे फक्त मित्रमंडळींत वाजवी. लोकांसमोर ते ठळकपणे आले 1948 च्या नोव्हेंबरमध्ये, कार्नेगी हॉलला, के डेव्हिसच्या आवाजात, आणि तेव्हा पियानोवर एलिंग्टनऐवजी बिली स्वतः बसला होता. गायक जॉनी हार्टमन आणि सॅक्सोफोनवादक जॉन कोल्ट्रेन यांचे 1963 चे ध्वनिमुद्रण मिळाले तर जरूर ऐका. इतक्या धीराने हे गाणे फार थोड्यांना गाता आले आहे.

2 डिसेंबर 1938. एलिंग्टनचा वाद्यवृंद पिट्सबर्गच्या स्टॅनली थिएटरात आला होता. गस ग्रीनली हे शहरातल्या काळ्या वस्तीतले बडे प्रस्थ. क्रॉफर्ड ग्रिल हा जॅझचा अड्डा आणि पिट्सबर्ग क्रॉफर्ड्स हा बेसबॉलचा संघ, दोन्ही त्यांचे. त्यांचा पुतण्या बिलीचा मित्र. त्याच्या ओळखीने बिली दोन खेळांच्या मधल्या वेळात ग्रीनरूममध्ये पोहोचला. एलिंग्टन खुर्चीत रेलून डोळे मिटून बसला होता, नोकर त्याचे केस बसवत होता. वाजव म्हणाल्यावर बिलीने ‘सॉफिस्टिकेटेड लेडी’ सुरू केली. एलिंग्टनने थोड्या वेळापूर्वी रंगमंचावर जशी वाजवली होती तशीच, स्वरन् स्वर, जागन् जागा. मग म्हणाला, आता मी कशी वाजवीन ते ऐका. पट्टी बदलली, लय बदलली, खालचे स्वरमेळ पार वेगळे झाले. एलिंग्टन उठून त्याच्या मागे येऊन उभा राहिला आणि बॅरिटोन सॅक्सोफोन वाजवणाऱ्या हॅरी कार्नीला हाक मारून बोलावून घेतले. तेवीस वर्षांच्या मुलाने समोरच्या उस्तादाला एका बैठकीत दोन गोष्टी दाखवल्या होत्या: मी हुबेहूब तुम्ही होऊ शकतो, आणि मी तुमच्याहून वेगळा आहे. पुढची अठ्ठावीस वर्षे त्याने हीच दोन्ही कामे केली. जगाला पहिले तेवढे दिसले.

एलिंग्टनने न्यूयॉर्कला ये म्हणून सांगितले आणि घरी कसे यायचे ते समजावले. त्या पत्त्यातच ए ट्रेन होती, ब्रुकलिनहून मॅनहॅटनच्या पोटातून हार्लेमकडे धावणारी, 1932 मध्ये सुरू झालेली भुयारी गाडी. ती हार्लेमच्या शुगर हिल या काळ्या सुखवस्तू वस्तीत नेऊन सोडी. बिलीच्या हातात धून झाली ती या वाटेची. 1939 च्या सुरुवातीला तो आला आणि एलिंग्टनच्या घरातच राहू लागला, एलिंग्टनचा मुलगा मर्सर आणि बहीण रूथ यांच्यासोबत. त्या वसंतात वाद्यवृंद युरोपच्या दौऱ्यावर गेला. बिली मागे राहिला आणि घरात पडलेल्या स्वरलेखनाच्या वह्या काढून बसला. कुठल्या वादकाला कुठला स्वर दिलाय, दोन ट्रम्पेटांच्या मध्ये क्लॅरिनेट का घातलाय, बॅरिटोनला सगळ्यात खाली न ठेवता मध्ये का आणलाय, हे त्याने त्या वह्यांतून शिकून घेतले. गुरूच्या गैरहजेरीत गुरूच्या वह्या वाचून घेतलेली ही तालीम होती, आणि दौरा परत आला तेव्हा शिष्य तयार होता.

व्यवहाराचे काय ठरले? काहीच ठरले नाही, आणि मला वाटते सगळी गोष्ट तिथे आहे. लेखी करार नव्हता. नेमका पगारही नव्हता. घरभाडे, कपडे, खाणेपिणे, प्रवास, सगळे एलिंग्टनच्या हिशेबातून भागे. बिलीला पैशाची ददात कधी पडली नाही. त्याला चांगले कपडे, चांगले अन्न, चांगली दारू यांची आवड होती आणि ती पुरवली जाई. 1941 मध्ये एलिंग्टनने टेम्पो म्युझिक ही स्वतःची प्रकाशनसंस्था काढली, तिची सूत्रे रूथकडे होती आणि बिलीलाही तिच्यात लहानसा वाटा होता. पण कुठली रचना कुणाच्या नावाने नोंदवायची हे बिली ठरवत नव्हता.

याच वर्षाने त्याला मोठी संधीही दिली, आणि तीही अडचणीतून. संगीतकारांच्या हक्कांची संस्था आस्कॅप आणि रेडिओवाले यांच्यात दराचे भांडण पेटले, आणि 1 जानेवारी 1941 पासून आस्कॅपच्या सभासदांची गाणी रेडिओवर वाजेनाशी झाली. एलिंग्टन आस्कॅपचा सभासद. म्हणजे त्याच्या नावावरची सगळी पुंजी रेडिओपुरती गोठली, आणि रेडिओविना वाद्यवृंद जगणे कठीण. बिली आणि मर्सर सभासद नव्हते. तेव्हा घाईघाईने नव्या चिजांची पेटी भरण्याचे काम या दोघांवर आले. मर्सर पुढे सांगत असे की ए ट्रेनचा कागद त्याने कचऱ्यातून उचलला. बिलीला ती चीज फ्लेचर हेंडरसन या दुसऱ्या वाद्यवृंदप्रमुखाच्या वळणाची वाटली होती म्हणून त्याने टाकून दिली होती. त्या एका वर्षात ए ट्रेनशिवाय ‘आफ्टर ऑल’, ‘क्लेमंटाइन’, ‘रेनचेक’ आणि ‘चेल्सी ब्रिज’ ध्वनिमुद्रित झाले.

‘चेल्सी ब्रिज’ पहिल्यांदा ऐकताना मराठी कानाला एक ओळखीचा रंग जाणवेल. सुरुवातीच्या स्वरमेळात गंधार कोमल आहे आणि धैवत-निषाद शुद्ध. पटदीप ऐकलेल्या माणसाला हा मेळ परका वाटणार नाही. पण राग त्या मेळात मुक्काम करतो. बिली तो सगळाच्या सगळा मेळ उचलून एक स्वर खाली ठेवतो आणि परत वर आणतो, आणि षड्ज नेमका कुठे आहे हे बराच वेळ कळू देत नाही. मग बेन वेब्स्टरचा टेनर सॅक्सोफोन येतो, अर्धा स्वर आणि अर्धा श्वास. एलिंग्टनचा रंग यापेक्षा निराळा. त्याला माणसे ऐकू येत. या वादकाचा घोगरेपणा, दुसऱ्याची मींड, तिसऱ्याच्या ट्रम्पेटचे गुरगुरणे, हे सगळे तो एकमेकांना टेकवून ठेवी आणि त्या घर्षणातून ठिणगी काढी. स्ट्रेहॉर्नच्या लेखनात प्रत्येक वाद्याला स्वतःची गाण्यासारखी ओळ असते. तिसऱ्या ट्राँबोनचा कागद एकटा वाजवला तरी त्यात चाल सापडते. आणि त्याचा शेवट! चीज संपत आली असे वाटते तिथे तो अशा एखाद्या वळणावर नेतो की आणखी एक दार होते हे तेव्हा समजते.

आता जे लिहितो आहे ते गुणगुणून सोडून देण्यासारखे नाही. बिली समलिंगी होता, आणि ते त्याने लपवले नाही. 1940 च्या सुमारास अमेरिकेत काळा माणूस असणे हेच पुरेसे संकट होते. त्यात हे. त्या काळच्या जॅझमध्ये अनेक जण हे दडवून जगले, काहींनी लग्नेही केली. बिली एरन ब्रिजर्स या पियानोवादकाबरोबर उघडपणे घर करून राहिला, 1947 मध्ये ब्रिजर्स पॅरिसला जाईपर्यंत. एलिंग्टनने याबद्दल कधी कपाळाला आठी घातली नाही, वाद्यवृंदातल्या कुणाला घालू दिली नाही. पण स्वतःचा वाद्यवृंद काढून, पोस्टरवर चेहरा छापून, गावोगाव वार्ताहरांना मुलाखती देत फिरायचे म्हटले असते तर हे आयुष्य जगता आले असते का? एलिंग्टनच्या सावलीत बिलीला सावलीही मिळाली आणि आडोसाही. स्ट्रेहॉर्नला लुबाडले गेले असे एक मत आहे, दोघे एकजीव होते असे दुसरे. पहिल्यात बिली बिचारा ठरतो आणि दुसऱ्यात त्याचे नाव पुन्हा एकदा पुसले जाते. मला दिसतो तो एक सौदा. उघड्या डोळ्यांनी केलेला, दोघांना फळलेला, आणि तरीही अन्यायाचा. कारण त्यातल्या एकाला जे द्यावे लागले ते दुसऱ्याकडून कुणी कधी मागितलेच नसते.

सौद्याची किंमत कशी वसूल होत गेली त्याचे एक उदाहरण पुरे. 1946 च्या डिसेंबरात ब्रॉडवेवर ‘बेगर्स हॉलिडे’ हे संगीतक आले. एलिंग्टन दौऱ्यावर असे. तालमींना जाऊन गाणी बसवणे, नवी लिहिणे, रातोरात बदलून देणे यातले फार मोठे काम बिलीने उपसले. पत्रिकेत संगीत म्हणून नाव एलिंग्टनचे. बिलीच्या वाट्याला वाद्ययोजनेवरच्या देखरेखीची एक ओळ. नाटकाच्या दुनियेत नाव करायची त्याची जुनी हौस होती, ‘फॅन्टॅस्टिक रिदम’पासूनची, म्हणून हा घाव अधिक खोल गेला असणार. पुढच्या काही वर्षांत तो दूर होत गेला. 1953 मध्ये त्याने लोर्काच्या ‘डॉन पेर्लिम्प्लिन’ या नाटकाच्या छोट्या प्रायोगिक प्रयोगाला संगीत दिले. ‘कोपासेटिक्स’ या काळ्या टॅप नर्तकांच्या मंडळात रमला, त्यांचा अध्यक्ष झाला, त्यांच्या वार्षिक कार्यक्रमांना गाणी लिहून दिली. लीना हॉर्न ही त्याची जिवाभावाची मैत्रीण. गाण्याच्या तयारीत ती त्याच्यावर टेकून असे.

1956 च्या सुमारास तो पुन्हा एलिंग्टनकडे पूर्ण वेळ आला. आता रेकॉर्डच्या वेष्टनावर दोघांची नावे शेजारी छापली जाऊ लागली. 1957 चे ‘सच स्वीट थंडर’ हे शेक्सपिअरच्या पात्रांवरचे. बिलीचे शेक्सपिअर इतके पाठ की वाद्यवृंदातले लोक त्याला त्याच नावाने चिडवत. रोमिओ-ज्युलिएटसाठीचे ‘स्टार-क्रॉस्ड लव्हर्स’ खरे तर त्याने आधीच ‘प्रिटी गर्ल’ या नावाने लिहिलेले होते. जॉनी हॉजेसच्या आल्टो सॅक्सोफोनखातर ते नव्या नावाने आत आले. 1960 मध्ये चायकोव्स्कीचा ‘नटक्रॅकर’ दोघांनी मिळून जॅझमध्ये आणला. मात्र 1959 च्या ‘ॲनाटॉमी ऑफ अ मर्डर’ या चित्रपटाच्या संगीताला ग्रॅमी मिळाली तेव्हा नाव पुन्हा एकट्या एलिंग्टनचे होते.

दोघांच्या मनाची तार किती जुळली होती याचा एक किस्सा एलिंग्टनने स्वतः सांगून ठेवला आहे. 1965 मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या ग्रेस कॅथीड्रलमध्ये धार्मिक संगीताचा मोठा कार्यक्रम करायचा होता. बायबलचे पहिले चार शब्द, इंग्रजीत सहा अक्षरोच्चार, त्यांना सहा स्वरांचे बीज हवे होते. एलिंग्टनने ते काम दूर असलेल्या बिलीवरही सोपवले आणि स्वतःही लिहिले. पडताळून पाहिले तर दोघांची सुरुवात एकाच स्वरावर, शेवटही एकाच स्वरावर, आणि सहापैकी चार स्वर तेच. हा किस्सा एकजीवपणाचा पुरावा म्हणून सांगितला जातो. मला उरलेल्या दोन स्वरांचे कुतूहल अधिक.

1963 हे वर्ष आपल्या दृष्टीने महत्त्वाचे. त्या उन्हाळ्यात बिली शिकागोत ‘माय पीपल’ या नागरी हक्कांच्या कार्यक्रमात गुंतला होता, ज्यात मार्टिन ल्यूथर किंग यांच्यावरचे गाणे आहे. ऑगस्टमध्ये तो वॉशिंग्टनच्या मोर्चाला गेला. आणि सप्टेंबरात अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याने एलिंग्टनच्या वाद्यवृंदाला पश्चिम आणि दक्षिण आशियाच्या दौऱ्यावर धाडले. दमास्कसपासून सुरुवात, मग अम्मान, काबूल, दिल्ली, हैदराबाद, बंगलोर, मद्रास, मुंबई, कलकत्ता, पुढे श्रीलंका, पाकिस्तान, इराण, इराक. बिली बरोबर होता. दिल्लीत एलिंग्टन आजारी पडून इस्पितळात दाखल झाला तेव्हा काही कार्यक्रमांत त्याच्या जागी पियानोवर बिलीच बसला. म्हणजे भारतातल्या काही श्रोत्यांनी या वाद्यवृंदाला त्याच्या दुसऱ्या धन्याच्या हाताखाली ऐकले आहे. दौरा अंकारात थांबला, कारण 22 नोव्हेंबरला केनेडींची हत्या झाली.

या दौऱ्यातून ‘फार ईस्ट सुइट’ ही वेगवेगळ्या चिजांची मालिका निघाली, डिसेंबर 1966 मध्ये ध्वनिमुद्रित झालेली. तिच्यात ‘आग्रा’ आहे आणि ‘ब्लूबर्ड ऑफ डेल्ही’ही, तो पक्षी म्हणजे आपली मैना. तिची गोष्ट एलिंग्टन रंगमंचावरून सांगे: दिल्लीतल्या मुक्कामी एक मैना बिलीच्या खोलीशी येऊन एकच लकेर गात राही, बिली तिच्याशी बोलायला गेला की गप्प होई. जिमी हॅमिल्टनच्या क्लॅरिनेटमध्ये ती लकेर ऐकू येते. सुइटमधली सर्वांत सुंदर चीज ‘इस्फहान’, हॉजेसच्या आल्टोवर. ऐकणारे इराणच्या घुमटांची निळी नक्षी डोळ्यांपुढे आणतात. पण ती बिलीने दौऱ्याला निघण्यापूर्वीच लिहिली होती, आणि तेव्हा तिचे नाव होते ‘एल्फ’, म्हणजे वनातला छोटा जादुई जीव. गावाचे नाव तिला नंतर चिकटले. यात तिचे काहीच बिघडत नाही, उलट नाव बाजूला ठेवून ऐकली तर ती अधिक खुलते.

मुंबईत हा वाद्यवृंद आला त्या काळात हिंदी चित्रपटांच्या स्टुडिओंमध्ये गोव्याची मंडळी बिलीसारखेच वाद्ययोजनेचे, पडद्यामागचे काम करत होती. शंकर-जयकिशन आणि ओ. पी. नय्यर यांच्या गाण्यांची वाद्ययोजना सेबॅस्टियन डिसोझा लिहीत. अँथनी गोन्साल्विस यांच्या हाताखाली प्यारेलाल व्हायोलिन शिकले. आल्दोनाचा चिक चॉकलेट, ताज हॉटेलमधला ट्रम्पेटवाला, सी. रामचंद्रांच्या सोबतीला होता. ‘अलबेला’तल्या गाण्यांना जी उसळी आहे तिच्यात त्याचा हात मोठा. पडद्यावरच्या श्रेयनामावलीत ही नावे आली तर बारीक टाइपात, आणि बऱ्याचदा आलीही नाहीत. आपल्या रसिकांनी गायक, गीतकार, संगीतकार अशा तीन नावांवर प्रेम केले. चौथ्या खुर्चीवरचा माणूस, जो रात्रभर जागून साठ वादकांचे कागद लिहितो, तो आपल्याही हिशेबात धरला गेला नाही. स्ट्रेहॉर्नवर लिहावे असे मला वाटत राहिले त्यामागे हेही आहे.

1964 मध्ये बिलीला अन्ननलिकेचा कर्करोग निघाला. सिगरेट आणि जिन ही त्याची जुनी सोबत. शस्त्रक्रिया झाल्या, पुढे नळीवाटे अन्न देण्याची वेळ आली. लिहिणे मात्र थांबले नाही. इस्पितळातून त्याने जी शेवटची चीज पाठवली ती आधी ‘ब्लू क्लाउड’ होती, मग तिचे नाव झाले ‘ब्लड काउंट’. डॉक्टर रोज ज्या आकड्याची नोंद घेत तेच शीर्षक. हॉजेस ती वाजवतो तेव्हा मधल्या भागात सॅक्सोफोन अक्षरशः ओरडतो, आणि मागचा वाद्यवृंद त्याला सावरायला जवळ येत नाही, त्याला एकटे ओरडू देतो. हे कागदावर तसे लिहिलेले आहे. दुखणाऱ्या माणसाने स्वतःला इतके मोकळे सोडले, आणि रचनेवरची मांड तरीही ढळू दिली नाही. 31 मे 1967 रोजी न्यूयॉर्कमध्ये तो गेला. वय 51. अखेरच्या क्षणी त्याचा जोडीदार बिल ग्रोव्ह जवळ होता.

एलिंग्टनने तीन महिन्यांच्या आत वाद्यवृंदाला स्टुडिओत नेले आणि फक्त बिलीच्या चिजांची एक तबकडी केली: ‘अँड हिज मदर कॉल्ड हिम बिल’. बिलीच्या आयुष्यात एलिंग्टनने त्याचे जाहीर कौतुक खूप केले. रंगमंचावरून नाव घेई, टाळ्या मिळवून देई, आणि पुढे आत्मचरित्रातही हातचे राखून लिहिले नाही. पण कौतुक ही दात्याने आपल्या मर्जीने द्यायची गोष्ट आहे, श्रेय हा हक्क. ही संपूर्ण तबकडी एकट्या स्ट्रेहॉर्नच्या नावावर निघाली ती तो गेल्यावर.

कोणी काय लिहिले याचा छडा लागला तो कागदांवरून. 1988 मध्ये स्मिथसोनियन संस्थेने एलिंग्टनच्या कागदपत्रांचा प्रचंड साठा विकत घेतला. वॉल्टर व्हॅन द लूर हा डच संगीतसंशोधक त्या पेट्यांत आणि पिट्सबर्गला बिलीच्या कुटुंबाने जपून ठेवलेल्या पेट्यांत वर्षानुवर्षे बसला आणि त्याने हस्ताक्षरे वेगळी काढली. दोघांचीही लिहिण्याची सवय निराळी होती, ओळी भरण्याची पद्धत निराळी. एकच चीज दोघांनी खांद्याला खांदा लावून लिहिली असे फार क्वचित घडले होते. बहुतेक वेळा एकाने आपले पूर्ण लिहिले, दुसऱ्याने आपले पूर्ण लिहिले, आणि सुइटमध्ये ती एकमेकांशेजारी ठेवली गेली. ‘एलिंग्टन-स्ट्रेहॉर्न’ ही जोडाक्षरी ओळख त्या कागदांवर फारशी सापडतच नाही, सापडतात ती दोन हस्ताक्षरे. डेव्हिड हॅजूचे 1996 चे चरित्र आणि व्हॅन द लूरचे 2002 चे पुस्तक यांच्यानंतर स्ट्रेहॉर्नवर पूर्वीसारखे मोघम लिहिता येत नाही.

त्या पेट्यांत कधीच न वाजलेल्या रचनाही निघाल्या. काही तर चाळीस-पन्नास वर्षे तशाच पडून होत्या, वादकांचे सुटे कागदसुद्धा कोणी उतरवून काढले नव्हते. हॉलंडमधल्या डच जॅझ ऑर्केस्ट्राने व्हॅन द लूरच्या मदतीने त्या बसवल्या आणि 1990 च्या दशकात ‘पोर्ट्रेट ऑफ अ सिल्क थ्रेड’ ही तबकडी काढली. 2018 मध्ये बिलीचे कागद वॉशिंग्टनच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने घेतले. तिथे आता कोणताही वाद्यवृंदवाला जाऊन मूळ प्रत पाहू शकतो, आणि ‘चेल्सी ब्रिज’ किंवा ‘ब्लड काउंट’ बसवताना रेकॉर्डवरून अंदाजाने उतरवून घेण्याऐवजी तिसऱ्या ट्राँबोनला बिलीने नेमका कोणता स्वर दिला होता ते त्याच्याच अक्षरात वाचू शकतो.